शंखात लिहिलेला पाऊस

मुलांनो, पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून संथपणे चढणारी गोगलगाय तुम्ही पाहिली असेलच. पाठीवर आपले घर वाहणारा हा जीव आपणांस क्षुद्र वाटतो. परंतु त्याच्या त्या घरात एक रोजनिशी लिहिलेली असते आणि तिचा विषय असतो पाऊस!

यंदा किती पाऊस पडला, हे आपल्याला पर्जन्यमापकावरून समजते. आपल्या देशात हवामान खात्याची स्थापना 1875 साली झाली. मग हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाची हकीकत आज कोण सांगणार? ती शंख सांगतो.

शंख चुनखडीच्या द्रव्याचा बनलेला असतो. गोगलगाय वाढते, तसतशी ती शंखाच्या कडेला नवा थर जोडत जाते. पावसाळ्यात ती झपाट्याने वाढते. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड बंद करून निजून राहते. म्हणून शंखावर वाढीच्या रेषा उमटतात. प्रत्येक थरात तिने त्या वेळी घेतलेल्या पाण्यातील प्राणवायू साठवलेला असतो.

प्राणवायूचे बहुतेक अणू हलके असतात. हजारात सुमारे दोन अणू मात्र जड असतात. पाऊस पडू लागला, की जड अणूंचे पाणी ढगातून आधी उतरते. सर कोसळतच राहिली, तर मागून येणाऱ्या पाण्यात जड अणू कमी होत जातात. उलट, तळे उन्हाने आटू लागले, की हलके अणू वाफेबरोबर आधी निघून जातात आणि जड अणू मागे उरतात. अर्थात, थरात जड अणू कमी असले तर पाऊस भरपूर, आणि अधिक असले तर अवर्षण, असा साधारण अर्थ लागतो. हवेतील उष्णतेचाही थोडा परिणाम होतो; त्याचा हिशेब शास्त्रज्ञांना निराळा करावा लागतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी गोगलगायीच्या शंखाचे थर क्रमाने खरवडून त्यांची भुकटी तपासली. एकाच शंखात ऋतूंप्रमाणे पावसात होणारे फेरफार नोंदलेले आहेत, असे त्यांना आढळले. हे संशोधन 2013 साली प्रसिद्ध झाले.

हरियाणात कोटला दहर नावाचे एक प्राचीन सरोवर होते. त्याच्या गाळात पाण्यातील गोगलगायींचे शंख थराथरांनी गाडलेले आहेत. केंब्रिज विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ते तपासले. सुमारे 4,100 वर्षांपूर्वीच्या शंखांत जड अणू एकाएकी वाढलेले दिसले. त्या काळी मोसमी पाऊस अचानक मंदावला, असा निष्कर्ष त्यांनी 2014 साली मांडला. त्याच सुमारास सिंधू संस्कृतीची मोठी नगरे ओस पडू लागली होती. त्या ऱ्हासाची कारणे अनेक असतील. पण पावसाने पाठ फिरवली, ही साक्ष त्या चिमुकल्या शंखांनी दिली.

आजही आपली शेती पावसावरच अवलंबून आहे. तो पूर्वी कधी आणि कसा रुसला, हे कळले, तर पुढच्या संकटासाठी आपणांस सावध राहता येईल. तेव्हा पायाखाली सापडलेला रिकामा शंख फेकून देण्यापूर्वी त्यावरील रेषा क्षणभर निरखून पाहा. त्यांतील एखादी रेषा तुमच्याच गावावर बरसलेल्या पावसाची असेल!

स्वाध्याय

1. शंखावर वाढीच्या रेषा का उमटतात?
2. तळे आटू लागल्यावर त्यातील शंखांत जड अणू का वाढतात?