आपल्या शाळेचा स्वतःचा समाजमाध्यम सर्व्हर : होटगी जंक्शनवरून समजून घेऊया



शाळेतलं वृक्षारोपण असो, बालआनंद मेळावा असो की विज्ञान प्रदर्शन, त्याचे फोटो आणि बातमी आज व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुक पानावर जाते. सोय चांगली आहे, फुकट आहे. पण शाळेची ही सगळी आठवण ठेवली आहे कुणाच्या कपाटात? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारं 'कू' हे आपल्या देशातलं ॲप जुलै २०२४ मध्ये बंद झालं. दोन्ही वेळा निर्णय कंपनीचा होता, वापरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

म्हणून तंत्रज्ञानाची आवड असलेले काही शिक्षक विचारतात, "आपलाच सर्व्हर उभा केला तर?" करता येतो. मॅस्टोडॉन नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. मात्र सर्व्हर उभा करणं हे एका सुट्टीच्या दिवसाचं काम असलं, तरी तो सांभाळणं वर्षानुवर्षांचं आहे. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी काय ठरवायचं, यावर आजचा पाठ आहे. आज्ञा कशा टाइप करायच्या ते मॅस्टोडॉनच्या अधिकृत कागदपत्रांत पायरीपायरीने दिलेलं आहे, ते इथे पुन्हा देत नाही. इयत्ता नववी-दहावीच्या माहिती तंत्रज्ञान तासाला यातला पहिला भाग आणि शेवटची कृती घेता येईल.

१. 'फेडरेटेड' म्हणजे काय?

फेडरेटेड म्हणजे संघीय. आपापला कारभार स्वतंत्र, पण एकमेकांशी व्यवहार चालू. सोलापूरकरांना हे समजावायला होटगी स्टेशन पुरेसं आहे.

सोलापूरहून निघालेली गाडी होटगीला आली की पुढे दोन वाटा फुटतात. एक अक्कलकोट रोड, दुधनी करत कलबुर्गी आणि वाडीकडे जाते. दुसरी इंडी रोड, विजयपूर, बागलकोट, बदामी करत गदगला जाते. होटगी स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे आणि गदगचा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा आहे. म्हणजे रेल्वे प्रशासनं दोन, कर्मचारी वेगळे, पण तिकीट एक आणि गाडी सरळ जाते.

आधी असं नव्हतं. गदगचा मार्ग १८८० च्या दशकात झाला तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर. मुंबईहून येणारा मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. रूळच जुळत नसल्यामुळे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे आणि प्रवाशांना गाडी बदलावी लागे. पुढे गदग मार्गाचं रुंदीकरण झालं आणि गाड्या थेट धावू लागल्या.

समाजमाध्यमांचंही तसंच आहे. फेसबुक, एक्स, इन्स्टाग्राम यांचे रूळ वेगवेगळे. एक्सवरच्या माणसाला इन्स्टाग्रामवरून उत्तर देता येत नाही. मॅस्टोडॉन, चित्रफितींसाठीचं पीअरट्यूब, फोटोंसाठीचं पिक्सेलफेड ही सॉफ्टवेअर मात्र 'ॲक्टिव्हिटीपब' या एकाच मापाच्या रुळांवर चालतात. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ॲक्टिव्हिटीपबला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली. त्यामुळे होटगीच्या सर्व्हरवरचा शिक्षक जर्मनीतल्या सर्व्हरवरच्या शिक्षिकेला उत्तर देऊ शकतो, दोघांचे चालक वेगळे असले तरी. ई-मेल आपण अनेक वर्षं असाच वापरतो. जीमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जातंच ना?

मॅस्टोडॉन जर्मनीतल्या युजेन रोश्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे त्याचं नाव ऐकू आलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि नाराज झालेले बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर खाती काढू लागले. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न समोर येतो : कुठल्या सर्व्हरवर खातं काढू? तिथे मालक एक नाही, सर्व्हर अनेक आहेत. आणि ज्याचा सर्व्हर, त्याची जबाबदारी.

२. सर्व्हरच्या आत कोण काय करतं?

मॅस्टोडॉन म्हणजे एकच प्रोग्राम नव्हे. शाळेच्या कार्यालयाशी तुलना केली तर लवकर समजतं.

• पोस्टग्रेस : जनरल रजिस्टर. खाती, लेख, कोण कुणाला अनुसरतं, सगळी नोंद इथे.
• रेडिस : टेबलावरच्या तात्पुरत्या चिठ्ठ्या. झटपट लागणारी माहिती आणि करायच्या कामांची रांग.
• साइडकिक : टपाल नेणारा शिपाई. आपला लेख दुसऱ्या सर्व्हरांवर पोचवतो, ई-मेल पाठवतो. हा थांबला तर आपल्याला वाटतं लेख गेला, पण बाहेर कुणालाच दिसत नाही.
• एन्जिनएक्स : फाटकावरचा माणूस. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला योग्य खोलीकडे पाठवतो.
• टीएलएस प्रमाणपत्र : ओळखपत्र. याच्याशिवाय इतर सर्व्हर आपल्याशी बोलत नाहीत. 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून मोफत मिळतं, पण मुदत थोडी असते, म्हणून आपोआप नूतनीकरणाची सोय लावायची.

हे सगळं शाळेतल्या जुन्या संगणकावर का चालवू नये? वीज जाते, आणि घरगुती ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्वतंत्र कायमचा पत्ता नसतो. त्यापेक्षा महिन्याच्या भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, बरा. शेपन्नास खात्यांसाठी दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी साधारण पुरते. जागा भाड्याची असली तरी माहिती आणि नियम आपले राहतात.

३. आधी कागदावर ठरवायचे पाच निर्णय

पहिला निर्णय : पत्ता. मॅस्टोडॉनच्या मुख्य सेटिंग फाईलमध्ये 'लोकल डोमेन' अशी एक ओळ असते. आपल्या प्रत्येक खात्याच्या नावामागे हेच डोमेन लागतं आणि इतर सर्व्हर आपल्याला त्यावरूनच ओळखतात. एकदा सुरू झाल्यावर ते सुरक्षितपणे बदलता येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तेव्हापासून पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांना ठाऊक झाले. कोड एकदा छापला की त्यातला पत्ता खोडता येत नाही, तसंच हे. म्हणून डोमेन घेताना कार्यक्रमाचं किंवा वर्षाचं नाव नको, टिकेल असं साधं नाव हवं.

आणि ते कुणा एका शिक्षकाच्या नावावर नको. जिल्हा परिषद शाळेत बदली कधी होईल सांगता येत नाही. डोमेन गुरुजींच्या वैयक्तिक ई-मेलवर, पैसे त्यांच्या कार्डवरून, आणि बदली दुसऱ्या तालुक्यात. मग नूतनीकरणाची आठवण कुणाला येणार? मुदत संपलेलं डोमेन दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो आणि शाळेच्या नावाने काहीही टाकू शकतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, शाळेच्या ई-मेलवर नोंदणी करा आणि किमान दोघांकडे किल्ली ठेवा.

दुसरा निर्णय : दार कुणाला उघडं? नोंदणीला तीन पर्याय असतात : सर्वांना खुली, मंजुरीनंतर, किंवा बंद. शाळेने बंदच ठेवावी आणि निमंत्रण दुव्याने खाती द्यावीत. खुली ठेवली की जाहिरातबाज खाती घुसतात, आणि त्यांच्यामुळे बाकीचे सर्व्हर आपल्यालाच अडवतात.

तिसरा निर्णय : कुणाशी जोडायचं? नेहमीच्या पद्धतीत आपण सगळ्या जगाशी जोडलेले असतो आणि त्रासदायक सर्व्हर एकेक करून मर्यादित किंवा पूर्ण निलंबित करतो. याउलट 'मर्यादित फेडरेशन' पद्धतीत आपण मंजूर केलेल्या सर्व्हरांशीच व्यवहार होतो आणि आत आल्याशिवाय पानंही दिसत नाहीत. शाळेसाठी ही बरी. पण हे सुरुवातीलाच ठरवा. नंतर बदलायचं तर बाहेरून जमा झालेली माहिती साफ करावी लागते.

चौथा निर्णय : ई-मेल कशातून जाणार? खातं पक्कं करणं, पासवर्ड बदलणं यासाठी सर्व्हरला ई-मेल पाठवता आली पाहिजे. भाड्याचे सर्व्हर देणारे बरेच जण ई-मेलचं नेहमीचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवतात. त्यामुळे वेगळी ई-मेल सेवा जोडावी लागते. ही चाचणी पहिल्याच दिवशी करा.

पाचवा निर्णय : नियम आणि पंच कोण? तक्रार आली तर कोण बघणार, किती दिवसांत, लेख काढायचा हे कोण ठरवणार? एक शिक्षक, एक पालक, एक समिती सदस्य अशी तिघांची नावं लिहून ठेवा.

४. निगा : दर आठवड्याला आणि दर महिन्याला

डिस्क भरणं ही छोट्या सर्व्हरची नेहमीची अडचण. आपले फोटो थोडेच असतात, पण ज्यांना आपण अनुसरतो त्यांचे फोटो, चित्रफितींची प्रतही आपल्या सर्व्हरवर साठते. बाहेरचं माध्यम किती दिवस ठेवायचं याची मुदत प्रशासकाच्या पानावर घालता येते. सात दिवस ठेवले तरी चालतं. नंतर कुणी जुना लेख उघडला तर फोटो मूळ सर्व्हरवरून पुन्हा आणता येतो.

बॅकअप तीन गोष्टींचा हवा : पोस्टग्रेसमधलं रजिस्टर, आपण चढवलेले फोटो, आणि गुप्त किल्ल्या असलेली सेटिंग फाईल. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते, आणि ती हरवली तर रजिस्टर परत मिळूनही त्यातली काही माहिती उघडत नाही. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. आणि वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीत, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा नाही.

सुरक्षा दुरुस्त्यांच्या नवीन आवृत्त्या येत राहतात. त्या वेळेवर घालणं हे शाळेतलं पाण्याचं टाकं धुण्यासारखं आहे, कंटाळवाणं पण टाळता न येणारं.

५. मुलांची माहिती : इथे घाई नको

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. आपल्या सर्व्हरवरून लेख किंवा फोटो दुसऱ्या सर्व्हरवर गेला की त्याची प्रत तिथे राहते. आपण खोडला तर 'हा काढून टाका' असा निरोप जातो, पण समोरचा तो पाळेलच याची हमी नाही. दुसरं म्हणजे, मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोप व्हॉट्सॲपसारखे टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. म्हणजे आपलाच कुणी सहकारी ते पाहू शकतो. हे सगळ्यांना आधीच सांगायला हवं.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : मुलांची खाती काढू नका. खाती शिक्षकांची आणि वर्गाची, मुलांचं लिखाण आणि चित्रं पालकांच्या लेखी संमतीने, चेहरे आणि पूर्ण नावं टाळून.

६. मग करायचं की नाही?

एकट्या द्विशिक्षकी शाळेने हा पसारा मांडू नये, असं मला वाटतं. आधी विश्वासू लोक चालवत असलेल्या सर्व्हरवर शाळेचं एक खातं काढून वर्षभर वापरून पाहावं. नंतर केंद्रातल्या आठ-दहा शाळा मिळून एक सर्व्हर चालवता येईल. खर्च वाटला जातो, आणि एकाची बदली झाली तरी दुसऱ्याच्या हाती किल्ली राहते.

बंद करायची वेळ आली तर तीही पद्धतशीर करा. आधी सर्वांना आपापली माहिती उतरवून घ्यायला मुदत द्या. मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हर कायमचा मिटवण्याची आज्ञा आहे. ती इतर सर्व्हरांना 'आमची खाती काढा' असं कळवते. ते काम पूर्ण होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवावा लागतो, आणि डोमेन त्यानंतरच सोडायचं. कू आणि ऑर्कुटच्या वेळी आपण नुसते बघत होतो. इथे शेवट कसा करायचा हेही आपल्या हातात आहे, आणि ते नीट करण्याची जबाबदारीही आपलीच.

वर्गातली कृती (२० मिनिटं)

वर्गातल्या प्रत्येक रांगेला एका स्टेशनचं नाव द्या : होटगी, विजयपूर, दुधनी, गदग. प्रत्येक रांगेत एक स्टेशनमास्तर. मुलांनी चिठ्ठीवर 'नाव, मग स्टेशन' असा पत्ता लिहून निरोप पाठवायचा. चिठ्ठी आधी आपल्या मास्तरकडे, तिथून समोरच्या मास्तरकडे, मग मुलाकडे. मास्तरने प्रत्येक निरोपाची वहीत नक्कल करायची. दहा मिनिटांनी एका मुलाला सांगा, "तुझा निरोप परत घे." नकला किती वह्यांत राहिल्या ते मुलांनाच मोजू द्या.

स्वाध्याय

१. रुळांचं माप आणि ॲक्टिव्हिटीपब यांत साम्य काय? फरक कोणता?
२. दुधनीच्या मास्तरने होटगीच्या चिठ्ठ्या घेणं बंद केलं, तर कुणाकुणाची अडचण होईल?
३. आपल्या शाळेच्या ग्रुपचा ॲडमिन बदलून गेला तर जुने फोटो कुणाकडे राहतील? घरी पालकांशी बोलून लिहा.
४. शाळेच्या सर्व्हरसाठी पाच नियम सुचवा. प्रत्येक नियम मोडला तर काय करायचं तेही लिहा.