मीटरवरची काळी टेप

किल्ली फिरवली की मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीने ताशी पाच-दहा किलोमीटरचा वेग घेतला की विझतो. माझ्या मोटारसायकलचा विझून दोन मिनिटांत पुन्हा लागायचा. तीन आठवडे मी तशीच चालवली. ब्रेक तर लागत होते!

गफलत झाली ती इथेच. दिवा लागला असला तरी साधे ब्रेक लागतातच. जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी राखण तेवढी उठून गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर ती गेल्याचं कळतही नाही. गॅरेजवाल्याने बॅटरी उतरलीय म्हणून नवी बसवली. दिवा तसाच. मग त्याने दिव्यावर काळी टेप चिकटवली आणि म्हणाला, "साहेब, आता नाही त्रास." मीही हसलो.

आषाढात कासहून साताऱ्याला येताना यवतेश्वर घाटात म्हैस आडवी आली. पुढचा ब्रेक दाबला, चाक जाम झालं, आणि काय होतंय ते कळायच्या आत मी रस्त्यावर बसलो होतो. कोपर सोललं, क्लचचा लिव्हर मोडला. मागून एसटी नव्हती, हे नशीब. म्हैस जागची हललीसुद्धा नाही.

दुसऱ्या मिस्त्रीने पाना हातात घेण्याआधी विचारलं, "दिवा लागायच्या आधी गाडीला कुणाचा हात लागला होता?"

आदल्याच दिवशी पुढचा टायर बदलला होता. टायरवाल्याने चाक डिस्कच्या बाजूने फरशीवर आडवं टाकून टायर उपसला होता. डिस्कजवळ खाचांची एक पातळ रिंग असते. सेन्सर तिच्या खाचांवरून चाकाचा वेग ओळखतो. दोघांत फट जेमतेम एक मिलिमीटरची. मिस्त्रीने चाक हाताने हळू फिरवलं. एका जागी रिंग सेन्सरपासून लांब जायची, परत जवळ यायची. मग मला आठवलं, टायर बदलून घरी येताना सिग्नलला थांबता थांबता ब्रेकचा लिव्हर बोटाखाली थरथरला होता, तोही कोरड्या रस्त्यावर. मला वाटलं, नवा टायर आहे.

वाकलेली रिंग ठोकून सरळ करू नका, बदला. चिखलातून आला असाल तर आधी सेन्सरचं तोंड आणि खाचा फडक्याने पुसा, वायर कुठे घासलीय का, क्लिपमधून सुटलीय का ते बघा. बॅटरीचा संशय असेल तर मल्टीमीटर लावून बघा: इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका. मधल्या स्टँडवर नुसतं मागचं चाक फिरवलं तरी दिवा लागू शकतो. गाडी बंद करून पुन्हा चालवली की तो जातो, घाबरू नका. स्कॅनरवर 'पुढचा सेन्सर' असा कोड आला म्हणजे सेन्सरच मेला असं नव्हे. वायर, रिंग, फट, सगळं त्यातच आलं. माझा सेन्सर धडधाकट होता.

१ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे जुन्या बाजारातही आता अशा गाड्या भरपूर आहेत. घ्यायला गेलात तर किल्ली फिरवून दिवा लागतो का ते आधी बघा. मुळीच लागला नाही तर मीटरच्या काचेवरून एकदा बोट फिरवा.