डोळ्यांपुढची रेघ

तामसी, जि. आदिलाबाद

चि. मनू,

काल वहिनीचा फोन आला. वाचताना तुझी अक्षरं मधूनच गायब होतात, करवतीच्या दातांसारखी चमकती रेघ सरकत जाते आणि ती विरली की अर्धं डोकं ठणकतं म्हणे. चष्मा लागला असेल, हे वहिनीचं निदान. 2018 मध्ये तेलंगणा सरकारनं कंटी वेलुगूची, म्हणजे डोळे तपासणीची, शिबिरं सुरू केली, त्यात बाबांना चष्मा मिळाला. तेव्हापासून आपल्या घरात कुठल्याही दुखण्यावर चष्माच! नंबर जरूर तपास, पण नंबर वाढला म्हणून अशी रेघ सरकत नाही.

मला ही अर्धशिशी वाटते. डॉक्टरकडून पक्कं करून घे. अर्धशिशीतली रेघ डोळ्यात नसतेच. मेंदूच्या मागच्या भागात, जिथं दृष्टीचं काम चालतं, तिथं एक मंद लाट पसरते. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं स्वतःलाच दिसणारी रेघ वेळोवेळी कागदावर उतरवली आणि 1941 मध्ये लाटेचा वेग मांडला: मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर. म्हणून ती हळूहळू वाढते आणि बहुधा 5 ते 60 मिनिटांत ओसरते. पुढच्या वेळी आधी एक डोळा झाकून बघ, मग दुसरा. दोन्हींनी दिसली तर उगम मेंदूत; एकाच डोळ्याला दिसली तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठ. किती वेळ टिकली, आदल्या रात्रीची झोप, उपास, पाळी, सगळं वहीत लिही. मी दवाखान्यात कामाला होते तेव्हा लोक नुसतं “डोकं दुखतं” म्हणायचे. डॉक्टरांनी त्यातून काय ओळखावं?

मात्र नजर एकाएकी गेली, जीभ जड झाली, हात-पाय लुळा पडला किंवा कधी नव्हे इतकं डोकं क्षणात फुटू लागलं, तर वही बाजूला ठेव आणि 108 ला फोन कर. डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी, वर उलट्या, हा काचबिंदूचा झटका असू शकतो. त्यातही रात्र काढायची नाही. वहिनीची पन्नाशी उलटलीय. तिचं डोकं नव्यानं दुखू लागलं आणि घास चावताना जबडा भरून आला, तर तिलाही बामावर राहू देऊ नकोस.

दुखलं की गोळी, असं रोज करू नकोस. त्या गोळ्यांनीच डोकं धरतं. आणि तुझं लग्न ठरतंय म्हणून स्पष्ट लिहिते. पाळणा लांबवायच्या काही गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. अशी रेघ दिसणाऱ्या बाईला त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टर विचारतीलच असं नाही, तू आपणहून सांग.

तुझी आत्या