आधी झेंडा, मग चेंडू

चि. ओंकार,



‘मावशी, टायटन चेंडू घ्यायला पैसे पाठवतेस का?’ या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. ‘गोल्फ क्लॅश’ या तुझ्या मोबाइल खेळात वरच्या टूरवर गेलं की वारा वाढतो, पैज वाढते आणि समोरचाही तयारीचा मिळतो. अशा वेळी महागडा चेंडू काढावासा वाटतोच. पण तुझ्या खेळात खोट चेंडूंच्या साठ्याची दिसत नाही. कुठला चेंडू कशासाठी काढायचा, हेच तू ठरवत नाहीस.

या खेळात चेंडूच्या अंगी तीनच गुण असतात. वाऱ्याला दाद न देणं, टप्पा पडल्यावर डावी-उजवीकडे वळणं आणि लांब जाणं. टॉपस्पिन, बॅकस्पिन, हवेतला कर्ल ही सगळी क्लबची कामं. ती चेंडूकडून मागू नयेत.

होल सुरू झाला की पहिली नजर झेंड्यावर टाक आणि तिथून मागे मागे ये. शेवटचा फटका कुठून मारायला आवडेल? त्यासाठी आधीचा चेंडू कुठे थांबायला हवा? तिथवर तुझा ड्रायव्हर साध्या चेंडूने पोचतो का? पोचत असेल तर बेसिक काढ. तो फुकट आहे आणि संपतही नाही. पाण्यापलीकडच्या पट्ट्यावर उतरायला थोडंसंच कमी पडतंय, किंवा पार ५ वर हिरवळ दोन फटक्यांत गाठायचीय, तर लांब जाणारा चेंडू खुशाल वापर. पण त्याच फेअरवेवर नुसतं थोडं पुढे जाऊन पुढचा फटका पुन्हा त्याच क्लबने मारावा लागणार असेल, तर ती लांबी कसल्या कामाची?

पार ३ वर लांबीचा मोह बहुतेक वेळा सोडावाच. तिथे वारा बघ, आणि हिरवळीचा उतार झेंड्यापासून दूर नेत असेल तर बाजूची फिरकी. बरोबरी झाली की शूटआउटमध्ये झेंड्याच्या जवळ कोण, एवढंच मोजलं जातं.

आता वाऱ्याचं. लक्ष्याभोवतीची वर्तुळं मोजून तू निशाणा वाऱ्याकडे सरकवतोस, हे चांगलं आहे. पण वाऱ्याला न जुमानणारा चेंडू हाती आला की हेच गणित बदलतं. बेसिकच्या सवयीने सरकवलंस तर चेंडू कमी वाहील आणि निशाणा नेला त्याच बाजूला पडेल. रोज नवा चेंडू वापरणाऱ्याचा अंदाज कधी पक्का होत नाही, तो यामुळे. माझं ऐकशील तर बेसिक आणि वाऱ्याचा एखादा चेंडू, एवढ्या दोनांवरच हात बसव. किंगमेकर, कटाना असले भारी चेंडू पेटीतून मिळतील तेव्हा मिळतील. ते स्पर्धेसाठी राहू देत.

चेंडू आधीच विचार करून निवडावा लागतो, हे खऱ्या गोल्फमध्येही आहे. तिथला चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. त्या चौकटीत राहूनच कंपन्या कमी-जास्त फिरकीचे चेंडू बनवतात. होल चालू असताना लहर आली म्हणून चेंडू बदलता येत नाही. एक होल संपवून दुसरा सुरू करण्याआधी बदलता येतो. तुझ्या खेळातही टीवर घेतलेला चेंडूच होलभर पुरवायचा असतो. त्यामुळे पहिला फटका दिमाखदार व्हावा एवढ्यासाठी निवड करू नये. (समोरच्याने भारी चेंडू काढला म्हणून आपणही काढायचा, हा तर निव्वळ हट्ट. त्याच्या पिशवीतले क्लब वेगळे असतील!)

पैशांचंही एकदा बोलू. इंग्लंडमधल्या प्लेडेमिक कंपनीने २०१७ साली हा खेळ आणला, २०१८ साली त्याला मोबाइल खेळांचा बाफ्टा मिळाला आणि २०२१ मध्ये ईए या बड्या गेम-कंपनीने प्लेडेमिकच १४० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. खेळ डाउनलोड करायला तर छदाम पडत नाही. मग एवढी किंमत आली कुठून? हरल्याच्या तिरमिरीत जेम्स, म्हणजे खेळातलं चलन, विकत घेणारे त्यात बरेच असणार. म्हणून हरल्यावर लगेच दुकान उघडायचं नाही, फोन खाली ठेवायचा. आईच्या यूपीआयचा पिन तुला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे.

रविवारी दुपारी मी मोकळी आहे. फ्रेंडली खेळू. दोघांनीही बेसिकच घ्यायचा.

तुझी,
मावशी