'तू कुणाचा?' : संगणकातील अनोळखी प्रक्रियेची ओळख

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि आमच्या घरात आलेला लॅपटॉपही पहिलाच. वडील तासगाव भागात द्राक्षबागांच्या छाटणीला रोजंदारीवर जातात. ऑक्टोबर छाटणीच्या मजुरीतून त्यांनी सांगलीत एक जुना लॅपटॉप घेऊन दिला व मी तो साताऱ्यास वसतिगृहात आणला. दोन महिन्यांतच तो इतका मंदावला की, टंकलेले अक्षर पडद्यावर उमटण्याची वाट पाहत बसावे लागे. "रॅम वाढवा, नाहीतर नवा घ्या," असा सल्ला एका दुकानात मिळाला. किंमत ऐकून मी मनातल्या मनात वडिलांच्या मजुरीचे दिवस मोजले आणि परत फिरले. आधी रोग ओळखावा, मग औषध, असे ठरवले. त्या खटाटोपात जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. वसतिगृहातील आपले टेबल म्हणजे रॅम आणि खाटेखालची पत्र्याची पेटी म्हणजे डिस्क, असे समजा. टेबल भरले की एक पुस्तक पेटीत ठेवून दुसरे काढावे लागते. डिस्क रॅमपेक्षा पुष्कळच मंद. म्हणून या काढ-घालीतच वेळ जातो. माझे टेबल अवघे ४ जीबीचे. त्यावर पसारा कोण मांडतो, हे पाहण्याचे साधन विंडोजमध्येच आहे. त्याचे नाव टास्क मॅनेजर. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून ते विंडोजसोबत येत आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ते उघडते. 'मेमरी' या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त जागा अडवणारी प्रक्रिया वर येते.

यादी पाहून मी घाबरलेच. बहुतेक नावे अनोळखी. वरच्या ओळींत 'एक्स्प्लोरर' दिसताच हाच चोर असे समजून मी तो बंद केला. क्षणात पडद्यावरील चिन्हे आणि खालची पट्टी नाहीशी झाली! मी चोर म्हणून ज्याला घालवले तो घरचा कारभारीच निघाला. टास्क मॅनेजर उघडे होते, त्यातूनच तो पुन्हा सुरू केला, तेव्हा कोठे जीव भांड्यात पडला.

त्या रात्री आजी आठवली. ओसरीवर अनोळखी माणूस आला तर ती त्याला हाकलत नाही, आणि एकदम माजघरातही घेत नाही. "कुणाचा रं तू? गाव कंचं? कुणासंगं आलास?" एवढे विचारते. हेच तीन प्रश्न मी संगणकाला विचारायचे ठरवले.

गाव कोणते? प्रक्रियेच्या नावावर उजवी टिचकी मारून तिच्या फाइलचे ठिकाण उघडता येते. 'सर्व्हिस होस्ट' हे नाव माझ्या यादीत पन्नासाहून अधिक वेळा होते. ते विंडोजचेच. २०१७ पासून ३.५ जीबीहून अधिक रॅम असलेल्या संगणकात विंडोज बहुतेक सेवा वेगवेगळ्या चालवते, म्हणून ही गर्दी. त्याचे मूळ गाव विंडोजच्या फोल्डरातील 'सिस्टीम ३२'. तेच नाव सांगणारा जर 'डाउनलोड्स'मध्ये राहत असेल, तर संशय घ्यावा.

कुणाचा? फाइलच्या गुणधर्मांत निर्मात्याची डिजिटल सही दिसते. सही नाही म्हणजे गुन्हेगार असे मात्र नव्हे. पुष्कळ लहान निर्माते सही करीत नाहीत.

कुणासंगे आला? मार्क रुसिनोविच यांचे 'प्रोसेस एक्स्प्लोरर' हे मोफत साधन कोणत्या प्रक्रियेने कोणती सुरू केली, याची वंशावळच दाखवते.

ही विचारपूस किती मोलाची, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणावरून कळते. ऑगस्ट २०१८ मध्ये घुसखोर प्रणालीने तेथे एटीएमच्या मागण्यांना बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी परस्पर होकार दिला आणि दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. दारात उभा राहून मालकाच्या नावाने बोलणारा तो तोतया होता.

माझ्याकडचा पाहुणा तसा नव्हता. त्याला सही नव्हती, राहण्याचे ठिकाण आधीच्या मालकाच्या नावाचे फोल्डर, आणि लॅपटॉप सुरू होताच तोही आपोआप उठत असे. व्हिडिओ उतरवून घेण्याचे ते एक जुने साधन होते. सकाळी २०० एमबी घेई, दुपारपर्यंत ९०० एमबी. घेतलेली जागा परत न करण्याच्या या दोषाला स्मृतिगळती म्हणतात. विंडोजच्या विषाणू-तपासणीत काही आढळले नाही. मग फाइल परस्पर न पुसता कार्यक्रमांच्या यादीतून मी तो रीतसर काढून टाकला. लॅपटॉप पुन्हा चालू लागला.

वडिलांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "खर्च किती आला?" मी म्हटले, "एक पैसाही नाही, अण्णा."

पहिल्या वर्षी या आवारात माझेही नाव असेच अनोळखी होते. कोणी थांबून आपुलकीने विचारपूस केली, म्हणून मी येथे टिकले. एक्स्प्लोररची मात्र मी तेवढीही विचारपूस केली नव्हती. तेव्हा मित्रहो, अनोळखी नाव दिसताच घाबरून ते बंद करू नका आणि कंटाळून दुर्लक्षही करू नका. आधी विचारा, तू कुणाचा?