छातीतली गाठ आणि आपले तृतीयपंथी बांधव

एरवी या पानावर भाताचा करपा, उसाची खोडकीड किंवा मुलांच्या लसी हे विषय येतात. आजचा विषय काही वाचकांना परका वाटेल. पण सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरचे जोगप्पा आपण बेळगावकडचे लोक लहानपणापासून पाहत आलो आहोत. ते आजारी पडले तर कुठे जातात, हे मात्र आपण कधी विचारीत नाही.

स्तनाचा कॅन्सर हा फक्त बायकांचा रोग, ही समजूत चुकीची आहे. स्तनातील पेशी पुरुषाच्या छातीतही थोड्या असतातच. जन्माने पुरुष असलेली व्यक्ती स्त्री म्हणून जगू लागते आणि इस्ट्रोजेन घेते, तेव्हा या पेशी वाढून खराखुरा स्तन तयार होतो. म्हणजे धोकाही आलाच. किती? हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९७२ ते २०१६ या काळात उपचार घेतलेल्यांची पाहणी केली व ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. अशा २२६० पारलिंगी स्त्रियांपैकी १५ जणींना पसरू शकणारा स्तनाचा कॅन्सर झालेला आढळला, तोही साधारण १८ वर्षे हार्मोन घेतल्यावर. सामान्य पुरुषाच्या मानाने हा धोका ४६ पट ठरला. हा आकडा वाचून घाबरू नये. पुरुषांत हा रोग मुळात फार विरळ. सामान्य स्त्रीच्या मानाने पाहिले, तर धोका तिच्या सुमारे एक तृतीयांशच होता.

उलट बाजूही पाहू. जन्माने स्त्री असून पुरुष म्हणून जगणाऱ्या १२२९ जणांपैकी चौघांना हा रोग झाला. बायकांच्या मानाने हे प्रमाण कमी, पण शून्य नव्हे. छातीची शस्त्रक्रिया झाली तरी थोड्या पेशी मागे राहतात. ज्यांची ती झालेली नाही, त्यांनी बायकांप्रमाणेच तपासणी करून घ्यावी. छाती घट्ट बांधून ठेवण्याची सवय असेल, तर आंघोळीच्या वेळी हात फिरवून पाहावा.

आपल्याकडची खरी अडचण निराळीच आहे. पुष्कळ जणी डॉक्टरांना न विचारता औषधाच्या दुकानातून संततिनियमनाच्या गोळ्या आणतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. त्याने रूप लवकर खुलत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो. कोणी छातीत सिलिकॉनचे इंजेक्शन टोचून घेतात. त्याच्याही गाठी होतात, आणि मग कॅन्सरची गाठ कोणती हे डॉक्टरांनाही सहज कळत नाही.

पन्नाशी उलटलेली असेल आणि हार्मोन पाच-दहा वर्षे घेतले असतील, तर दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर त्याआधीच डॉक्टरांना भेटावे. न दुखणारी टणक गाठ, काखेतली गाठ, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यांपैकी काहीही दिसले तर वयाची वाट पाहू नये.

मॅमोग्राफीचे यंत्र गावोगावी नाही, हे खरे. पण मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर केलेल्या अभ्यासात, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. तो अभ्यास बायकांचा होता, तरी गाठ हाताला लागते ती सगळ्यांचीच.

२०१९ च्या कायद्याप्रमाणे तृतीयपंथी म्हणून कुणालाही दवाखान्यातून परत पाठविता येत नाही. केसपेपरवर नाव कोणते लिहायचे ते आधीच सांगावे, आणि कोणत्या गोळ्या किती वर्षे घेतल्या, हे डॉक्टरांपासून लपवू नये. गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत नेली तर उत्तम.