टेस्ट हिरवी, तरी बिल चुकलं! असं का?

व्हिडिओमध्ये बिलिंगच्या कोडची टेस्ट पाहिली, त्यातला सगळ्यात घोळ घालणारा भाग इथे सावकाश बघू.

माझ्या दुकानाचा छोटा बिलिंग प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि टेस्ट जेस्टमध्ये. एक बिल म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात मालाची यादी, यादीत प्रत्येक मालाचा दर आणि नग. डब्यात डबा!

तीच वस्तू, की तशीच वस्तू?

शंभराच्या दोन नोटा घ्या. किंमत सारखी, नंबर वेगळे. जेस्टमधलं 'टूबी' विचारतं, "ही तीच नोट आहे का?" 'टूइक्वल' विचारतं, "किंमत तेवढीच आहे का?" आणि ते अगदी आतल्या डब्यापर्यंत जाऊन बघतं. म्हणून दोन बिलं जुळवायला टूइक्वल.

माझी चूक

गिऱ्हाईक विचारतं, "ऑफर लावली तर किती होतील?" तेव्हा एस्टिमेट काढलं तरी मूळ बिल बदलता कामा नये. मूळ बिल: साखर 90, चहा 140, एकूण 230. टेस्टमध्ये मी तीन टिंबांनी बिलाची कॉपी केली, चहावर 10 टक्के सूटीचं एस्टिमेट काढलं आणि मूळ बिल कॉपीशी जुळवलं. हिरवं! पण काउंटरवर ऑफर न घेणाऱ्यालाही चहा 126 ला जात होता. दर पुड्यामागे 14 रुपये माझ्या खिशातून.

कारण साधं आहे. तीन टिंबं फक्त बाहेरचा डबा नवा देतात, आतली यादी दोघांची एकच राहते. इकडे दर बदलला की तिकडेही बदलतो. मग जुळणारच ना!

आता मी काय करतो

1. अपेक्षित बिल टेस्टमध्ये हाताने वेगळं लिहितो. कॉपी हवीच असेल तर 'स्ट्रक्चर्डक्लोन', ते आतपर्यंत नवं बनवतं.
2. टूइक्वल 'अनडिफाइन्ड' असलेला रकाना मोजतच नाही. तो फरक पकडायचा असेल तर 'टूस्ट्रिक्टइक्वल'.
3. पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांमध्ये ठेवतो. कॉम्प्युटरला 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 येत नाही, आणि एवढ्याशा फरकाने अख्खं बिल जुळत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या कोडमध्ये मुद्दाम एक दर चुकवा. टेस्ट लाल झाली नाही, तर ती राखण करत नाहीये, नुसती बसून आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!